गादीची घडी

सांजू, २८ ऑक्टोबर १९९१

चि. तेसोप यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आई रविवारच्या बसने सोलला येते आहे. स्टँडवर तू स्वतः जा, मिरानला पाठवू नकोस. सून घ्यायला आली की आई सामान स्वतः उचलायला बघते. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून लिहून पाठवते आहे. पत्र फ्रीजवर चिकटवून ठेव.

सोबत तिची गादी आहे, दोरीने बांधलेली. दरवर्षीप्रमाणे अभ्रा उसवून धुतला, पेजेची खळ दिली, दगडावर ठोकून ठोकून सपाट केला आणि पुन्हा टाके घातले. कापूस मात्र यंदाही पिंजायला द्यावा लागला नाही. कुठे खळगा नाही, गठळी नाही. शेजारची दोंगसूची आई हात फिरवून म्हणाली, की ही रोजच्या वापरातली आहे की नवरीच्या रुखवतातली. माझे टाके आहेत, आणि आईचं वजन तरी काय राहिलंय म्हणा.

तुमच्या फ्लॅटमध्ये जमिनीखालचा गरम पाण्याचा पाइप जिथून खोलीत शिरतो, तिथली जमीन सगळ्यात उबदार असते. गादी तिथेच घालायची. ती जागा घरातल्या मोठ्या माणसाची, तुझ्या टीव्हीची नव्हे. सकाळी घडी घालायला कोणी धावू नये. एकोणऐंशीव्या वर्षीही ती माझ्याआधी उठते. मी भात लावायला जाते तोवर गादीची घडी भिंतीशी, खोली लख्ख, आणि ही खिडकीखालच्या पेटीवर केस विंचरून बसलेली. मी इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, अशी शिस्तीची एक मुलगी मिळाली नाही. फक्त केसांना तेल कमी लाव म्हणावं. इथे भिंतीचा कागद डागाळून ठेवला आहे.

पलंगाचं खूळ काढू नका. मागच्या वर्षी मिरानने विषय काढला होता, तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली होती, की पलंगावर खुंटीला टांगल्यासारखं वाटतं. तिथे तो विषय संपला.

मुलगा असताना आई लेकीकडे कशी, असं गावात विचारतात. मी ऐकते आणि सोडून देते. थंडीपुरती ती तुझी. बाबांचं श्राद्ध तुझ्याकडे होईल, नवीन वर्ष होईल. मार्च उजाडताच, सोयाबीन मिठात मुरवायचे रांजण भरायच्या आधी, ती मला इथे हवी. तू शब्द दिला आहेस.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे. तो राहील असं वागा.

ताई (ओकजू)


सोल, १२ नोव्हेंबर १९९१

ती. ताईस तेसोपचा सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. स्टँडवर मीच गेलो होतो, हे आधी नोंदवतो. बसमध्ये शेजारच्या बाईला तिने तुझी सगळी कीर्ती सांगून ठेवली होती. ती बाई उतरताना मला म्हणाली, की तुमच्या बहिणीला सांभाळा. जपा या अर्थी म्हणाली की जपून राहा या अर्थी, ते विचारायचं राहिलं.

आईबरोबर पाठवलेली तुझी मुळ्याची किमची फार सुरेख मुरली आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू रागावणार आहेस.

आई पलंगावर झोपते. मिरानने एकट्या माणसापुरता छोटा पलंग आणून तिच्या खोलीत आधीच लावून ठेवला होता. पहिल्या दिवशी आई त्यावर आडवी झाली ती सकाळी आठला उठली. मी मधे दोनदा दाराशी जाऊन श्वास चालू आहे ना, ते बघून आलो. आता रोजच तसं चाललं आहे. दिवसभर पाय खाली सोडून काठावर बसते आणि पोरीसारखे हलवते. टांगल्यासारखं वगैरे काही म्हणाली नाही. मिरान म्हणते, आईंच्या गालावर रंग आला आहे. मला रंगातलं कळत नाही, पण जेवते दोन घास जास्त.

गादी कपाटावर आहे, दोरीसकट. धूळ बसू नये म्हणून वर चादर घातली आहे.

मार्चचं मार्चमध्ये बघू, ताई. आत्ताच कशाला.

राग तिकडेच ठेव, माया पाठवत राहा.

तेसोप


सांजू, १८ नोव्हेंबर १९९१

चि. तेसोप यास आशीर्वाद. ते देण्याची सवय आहे म्हणून दिले.

'आधीच लावून ठेवला होता' हे चार शब्द तू सहज लिहून गेलास. म्हणजे मी इथे ओसरीवर बसून अभ्रा ठोकत होते, तेव्हा तू तिथे पलंगाचे स्क्रू पिळत होतास. आणि फोनवर मला विचारत होतास, की गादी बसमध्ये मावेल ना, की टपावर टाकावी लागेल. मी मूर्खासारखी तुला दोरी कशी सोडायची ते समजावत होते.

मला पलंगाचा अर्थ कळतो. थंडीपुरतं माणूस आलं तर त्याला अंथरूण घालून देतात. पलंग आणतात तो माणूस कायमचं ठेवायला. सरळ लिहायचं होतंस, की आई परत येणार नाही. मोठा मुलगा आहेस, तुझा हक्क आहे, उलट लोक तुलाच शाबासकी देतील. मी भांडले असते आणि गप्प बसले असते. पण तू तोंडावर शब्द दिलास आणि पाठीमागे फर्निचर मागवलंस. लहानपणी चोरून फळं खायचास तेव्हा निदान बिया तरी लपवायचास.

म्हातारं माणूस, चार दिवस मऊ लागलं की झोपतंच. पाठीला ऊब नाही, खाली पडली तर हाड मोडेल. तिला विचारलंस तरी का? ती तुमच्या घरात पाहुणी आहे, सुनेने मांडलेल्या पलंगाला ती नको कशी म्हणेल?

गादी खाली उतरव आणि दोरी सोड. नाहीतर मी येते आणि तिला घेऊन जाते.

लोभाचं तुझं तू बघ.

ओकजू


सोल, २७ नोव्हेंबर १९९१

ती. वन्संना मिरानचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून हे अर्ध्या ताटावरून उठतात. त्यांना तुम्ही बोलावं आणि मी बघत राहावं, हे मला जमेना, म्हणून लिहिते आहे. एक शपथ मोडते आहे. आईंना तसं सांगून बसले आहे. त्या म्हणाल्या, की तुला लिहायचं ते लिही, मी झोपले आहे असं समज.

पलंग यांनी सुचवला नाही. मीही नाही. सप्टेंबरात सणाला आलो होतो ना, तेव्हा तुम्ही दोघं बाबांच्या थडग्यावरचं गवत कापायला डोंगरावर गेला होता. मी आणि आई तांदळाच्या करंज्या वळत होतो. आई हातातल्या करंजीकडे बघतच म्हणाल्या, की मिरान, तुमच्या त्या मागच्या खोलीत एक पलंग मावेल का गं. मला वाटलं, मागच्या वर्षीच्या बोलण्यावरून मला चिडवताहेत. मी म्हटलं, मावेल की, तुम्हाला टांगायला खुंटीपण ठोकते. त्या हसल्या नाहीत. करंजी मिटेना, सारण बाहेर येत होतं, तरी दाबतच होत्या.

मग शपथ घालून म्हणाल्या, ओकजूला कळू द्यायचं नाही. हिवाळ्याचं निमित्त करून मला घेऊन जा. यांना मी परत आल्यावर सांगितलं. हे म्हणाले, ताईला सांगू या. मीच नको म्हटलं. शपथ माझ्या गळ्यात होती.

त्यांनी मला का सांगितलं आणि तुम्हाला का नाही, हे मला माहीत नाही. सुनेपुढे कमी पडलं तरी चालतं, लेकीपुढे नाही, असं काहीतरी असेल. मला ते थोडं लागलंसुद्धा. बाकीचं त्यांचं त्यांनी सांगावं. मार्चचंही त्यांनाच विचारा.

माझ्यावर लोभ नसला तरी यांच्यावरचा काढून घेऊ नका.

मिरान


सांजू, ३ डिसेंबर १९९१

ती. आईस ओकजूचा नमस्कार.

मिरानचं पत्र आलं. ते खरं आहे का, ते तू लिही.

तू आणि मी एका भिंतीच्या आड राहतो. तू खोकलीस तर मला कळतं. तुला पलंग हवा, हे मला सोलहून कळावं लागलं. आणि तोवर मी भावाला वाटेल ते लिहून बसले.

सोबत गादी कशाला नेलीस? ती जाणार नव्हतीच वापरात, तर मी चार दिवस ती ठोकत बसले तेव्हा शेजारी बसून मला सुईत दोरा का ओवून देत होतीस?

तुला परत यायचं आहे की नाही, एवढं सांग. तेसोपकडून लिहून घेऊ नकोस, तो गोड करून लिहितो. तुझं अक्षर वाकडं आलं तरी मला लागतं. मीच शिकवलं आहे.

ओकजू


सोल, १५ डिसेंबर

चि. ओकजूस आईचा आशीर्वाद. तब्येत बरी आहे. हात कापतो म्हणून अक्षर असं.

मिरानला मीच सांगितलं. तिला बोलू नकोस.

गुडघे गेले बाई. खाली बसता येतं, उठता येत नाही. आधी पेटीची कडी धरून उठायची, मग तेही होईना. एकदा सकाळ होईतो खालीच बसून राहिले, हाक मारायची लाज वाटली. त्यानंतर गादी घातलीच नाही. दोन हिवाळे झाले. पेटीवर बसायचं, गुडघ्यांवर पांघरूण घ्यायचं, भिंतीला डोकं टेकायचं. लागायची झोप. कधी नाही लागायची.

तू सकाळी दार उघडून म्हणायचीस, आई, आजपण माझ्याआधी. तुझा चेहरा असा व्हायचा, की मला वाटायचं, राहू दे, उद्या सांगू. मग तू दोंगसूच्या आईला बोलावून घडी दाखवायला लागलीस. मग कसं सांगायचं.

तूच म्हणतेस ना, दिवसा अंथरूण पसरलेलं दिसलं की समजावं घरात आजारी माणूस आहे. तुला सांगितलं असतं तर तू मला धरून निजवलं असतंस, धरून उठवलं असतंस. नेमाने केलं असतंस, तुझा नेम मला माहीत आहे. मग मी आजारी माणूस झाले असते. पेटीवर बसलेली होते तोवर मी मी होते. टांगल्यासारखं वाटतं, ते मी म्हणाले कारण आधी तूच तसं म्हणाली होतीस आणि सगळे माझ्याकडे बघत होते. दोरा ओवून दिला कारण तुला दिसत नाही.

इथे बरं आहे. तेसोप दाराशी येऊन माझा श्वास बघतो, मी जागी असते, हसू दाबते. पण खिडकीतून नुसत्या खिडक्या दिसतात. मला घरी यायचं आहे. रांजण तुला एकटीला जमणार नाहीत, तू मीठ कमी घालतेस. पण जमिनीवर नको, ओकजू. ते मला म्हणू नकोस. म्हणणार असशील तर मी इथेच राहते.

थंडी आहे, मोजे घाल. आईवर रागावून किती दिवस बसायचं ते तुझं तू ठरव.

आई


सांजू, १० फेब्रुवारी १९९२

ती. आईस ओकजूचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम केला. नवीन वर्षाला आले नाही, तेही मुद्दाम. तेसोपने फोनवर विचारलं तेव्हा सर्दी म्हणून सांगितलं. सर्दी नव्हती.

राग गेलेला नाही. दोन हिवाळे मी तुझ्या दारात उभी राहून तुझं कौतुक केलं आणि तू ते मान हलवून ऐकून घेतलंस. कापसाला खळगा नाही म्हणून मी गावभर मिरवले. खळगा पडणार कुठून. दोंगसूच्या आईला हे कळलं होतं का, हे मी तिला विचारलेलं नाही. तिने गादीवरून हात फिरवला तेव्हा माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघितलं होतं, ते आता आठवतं.

तेसोपवरचा राग दोन दिवसांत गेला, मिरानवर तर धरताच आला नाही. तुझ्यावरचा जात नाही. तुला वाटलं, की ओकजूला आईचे गुडघे गेलेले चालतील पण पसरलेलं अंथरूण चालणार नाही. ज्या बाईने मला जन्मापासून पाहिलं तिला असं वाटावं. तू चुकलीस, असं लिहायला बसले होते. चार वेळा लिहिलं आणि खोडलं.

परवा दुपारी तुझ्या पेटीवर बसून भिंतीला डोकं टेकून पाहिलं. थोड्या वेळात मान धरली. भिंतीवरचा तो तेलाचा डाग बरोबर तुझ्या डोक्याच्या उंचीवर आहे. दोन वर्षं मी तो ओल्या फडक्याने पुसते आहे आणि तुला तेलावरून बोलते आहे.

सुतार येऊन गेला. तयार पलंग आपल्या दारातून आत येत नाही, म्हणून त्याने खोलीतच जोडला. उंचीचं माप मिरानकडून मागवलं. तिने माप पाठवलं आणि खाली लिहिलं, की काठ गोल करून घ्या, आईंची पोटरी दुखते. गोल करून घेतला आहे. चुलीच्या बाजूला लावला आहे, खालची जमीन तापली की लाकूड करकरतं. सुतार म्हणाला, करकरू दे, सवय होईल. मी त्याला म्हटलं, कोणाला, ते म्हातारीला विचारून सांगते.

कपाटावरची गादी घेऊन ये. पलंगावर तीच घालायची, तिच्यावर कोणी झोपलेलं मला बघायचं आहे. सध्या माझी घालून ठेवली आहे, लांबी बघायला. काल दोंगसूची आई डोकावली, दिवसाढवळ्या अंथरूण पसरलेलं पाहून तिने हळूच विचारलं, की कोण आजारी आहे. मी म्हटलं, कोणी नाही, आमच्याकडे आता असंच असतं. ती बराच वेळ गेली नाही.

रांजण धुऊन उन्हात उपडे घातले आहेत. मीठ आणलेलं नाही, तू आल्यावर आणू. मार्चच्या पहिल्या रविवारची बस धर. स्टँडवर मी असेन. तोंड वाकडं असेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणाची घडी घालायची नाही. मी दार उघडून बघणार आहे.

लोभ कमी करून पाहिला, जमला नाही; तो आहे तेवढाच आहे.

ओकजू