कपाटातली बुडबुड

शिकागो, ९ जून २०२५

चि. प्रितम यास सप्रेम जयभीम. वि. वि.

गळ्याच्या ऑपरेशनने माझा आवाज नेला, कान नेले नाहीत. काल स्क्रीनवर तू बुद्धवंदना सांगत होतास. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हटलंस आणि तुझ्या मागच्या कपाटातून बुडबुड आली. शेजारी बसलेली तुझी ताई सुजाता म्हणाली, नळ गळत असेल. नळ असा दम घेत नाही! तुझे आजोबा मोहाची दारू गाळायचे. चुलीमागच्या मडक्यात आंबलेल्या मोहफुलांचा सडवा असाच बोलायचा. त्या दारूनेच ते गेले. वस्त्यावस्त्यांत उभं राहून मी घसा फोडला तो कशाविरुद्ध? आणि माझ्या मुलाने बुद्धासमोर दारू लावावी?

तुझ्याकडे राहायला येणार होतो. डॉक्टरांनी जे थोडे महिने दिलेत, ते दारूच्या घरात काढणार नाही. तिकीट कॅन्सल करायला सांगितलं आहे.

रागातसुद्धा तुझाच,
बाबा


कॅरी, १४ जून २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे कान खरे. ती बादलीत लावलेली बिअर आहे. माझा मित्र केदार आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये बनवायचो. मार्चमध्ये त्याचा जॉब गेला, पाठोपाठ व्हिसा. बिअरचा फ्रिज विकून तो पुण्याला परतला. जाताना बिअर आंबवायच्या लागर यीस्टचं उरलेलं पाकीट मला देऊन गेला. हे यीस्ट थंडीतलं. फ्रिजमध्ये सावकाश, स्वच्छ काम करतं. उबेत घाई करतं आणि वास मारतं. माझ्या घरात सगळ्यात गार जागा वंदनेच्या खोलीतलं ते कपाट. थर्मामीटर बघत बसलो, समोर कोण बसलंय ते बघितलं नाही.

केदार फोनवर म्हणाला, यार, उबेत लागर? नासणार बघ. नासली नाही. दिवसभर घरून काम करतो, बोलायला कुणी नसतं. बुडबुड सुरू झाली तेव्हा वाटलं, घरात आणखी कुणीतरी श्वास घेतंय.

शनिवारी एक ग्लास घेतो, तेही लपवत नाही. तुम्ही येणार असाल तर आजच ओतून देतो.

तुमच्या शिव्यांचीही वाट पाहणारा,
प्रितम


शिकागो, २० जून २०२५

चि. प्रितम यास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या शनिवारच्या ग्लासाला माझी माफी नाही. तुझ्या आजोबांची सुरुवातही एकाच वाटीने झाली होती. यीस्ट थंडीतलं की उबेतलं, मला शिकवू नकोस.

पण घरात आणखी कुणीतरी श्वास घेतंय, ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सुजाताने तिकीट कॅन्सल केलंच नव्हतं. माझ्यावर गेली आहे, लबाड!

मी येतो. तोवर बादली ओतू नकोस. बारा वर्षांचा असताना मी तुझ्या आजोबांचं मडकं फोडलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण ते मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते मडकं मी एकट्याने फोडलं, आणि त्यानंतर आम्ही दोघंही एकटेच राहिलो. या वेळी ओतायचं तू. मी शेजारी उभा राहीन. भाषण करणार नाही, करता येतही नाही.

घावन करून ठेव, मऊ. तेवढंच गिळता येतं.

लोभ आहेच, तो भेटीत दाखवीन,
बाबा


कॅरी, २८ जुलै २०२५

ती. सुजाताताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबा गेल्यावर तू पाठवलेला त्यांचा चष्मा नीट पोचला. विमानाच्या आदल्या दिवशी त्यांनी तुला बॅगेत मफलर घालायला लावला, जुलैत, ते तुझ्या पत्रात वाचून हसलो आणि चष्मा पुसत बसलो.

काल वंदना सांगताना पाचव्या शीलापाशी अडखळलो. कपाट गप्प होतं. यीस्टचं काम कधीच संपलंय. केदार म्हणतो, एवढे दिवस बादलीत कोण ठेवतं, आता तरी चाखून सांग. त्याला काय सांगू, बाबांनी ओतू नको म्हटलं होतं.

झाकण उघडलेलं नाही. मला ते एकट्याने ओतायचं नाही, ताई. तू ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी उभी राहा.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
प्रितम