आईचा गाल आणि चंदेरी कॅमेरा

अण्णा,

सोमवारी आईच्या डाव्या गालातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका फारसा नाही, पण चेहरा पूर्वीसारखा राहील असं सांगता येत नाही. त्यातल्या पहिल्या वाक्यावर माझा विश्वासच बसत नाही. एकच घोकणी चालली आहे, की त्याआधी आईचा एक नीट फोटो व्हायला हवा. फोटोग्राफरच्या घरात तिचा एकही धड फोटो नाही, हे तुम्हांला सांगायला नकोच. गौलीगुड्याच्या स्टुडिओत तुम्ही दिवसभर लग्नाळू मुलींचे फोटो काढायचात, आणि रोलच्या शेवटी एखादी फ्रेम उरली की कॅमेरा तसाच घेऊन बरकतपुऱ्याला घरी यायचात. आई पोळ्या लाटत असायची. "इकडं बघ, रोल संपवायचाय," असं तुम्ही म्हणायचात आणि ती वळेपर्यंत बटण दाबलेलं असायचं. त्यामुळे आमच्या ट्रंकेतली आई डोळे मिटलेली, तोंड उघडं, हातात उलथनं अशी आहे. एका फोटोत तर नुसती पाठ.

काल तिला घेऊन कोठीच्या बाजारात कॅमेरा घ्यायला गेले. तुम्ही होतात तेव्हा परदेशी कॅमेरा म्हणजे दुबईला गेलेल्या कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागत. आता रोल नसलेले कॅमेरे काचेच्या कपाटात रांगेनं मांडलेले असतात आणि दुकानदार आपणहून हातात देतो. त्याचंच दडपण येतं. चुकीचा निवडला तर? पुन्हा हा गाल मिळणार नाही. लहानपणी मी तुमचा कॅमेरा उचलून थेट डोळ्याला लावला, तेव्हा केवढ्यानं ओरडला होतात! "आधी हातात धर. हाताला पटू दे, मग डोळ्याला लाव." म्हणून मी एकेक धरून पाहत होते. चंदेरी होता तो साबणाच्या वडीएवढा, घसरडा, बटणं इतकी बारीक की नखानं दाबावीत. काळा ओबडधोबड आणि जड, पण बोटं आपसूक जागेवर बसली. दोन्हींनी आईचे फोटो काढून पाहिले. काळ्यात आई आहे तशी आली. सावळी, थकलेली, गालाची सूज स्पष्ट, पण डोळ्यांत तो तिचा मिस्कीलपणा. चंदेरीत ती चक्क गुलाबी झाली, सुरकुत्या निम्म्या, आणि फ्लॅशच्या झोतात सूज सपाट. पावडर थापलेली कुणी परकी बाई वाटत होती.

"मॅडम, येच लेलो," चंदेरीवर बोट ठेवत दुकानदार म्हणाला. "अम्मा दस साल छोटे दिखरे इसमें."

"हौ, हाच घे," आई म्हणाली.

मी वैतागले. "आई, ह्यात तू तू दिसतच नाहीस. रंग तरी बघ. अण्णांनी असला कॅमेरा हातातसुद्धा धरला नसता."

"तुझ्या अण्णांचं नक्को सांगूस मला. साऱ्या गावच्या पोरींच्या पुळ्या त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवल्या. माझ्या एका तरी फोटोला पेन्सिल लावली का?"

ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात? मला दिसतं आहे, तुम्ही खिडकीशी बसला आहात, निगेटिव्ह उजेडावर धरलेली, जिभेचं टोक दातांत. आई चहा ठेवून जाते. चहा निवतो. कुण्या अनोळखी मुलीच्या हनुवटीवर तुमची पेन्सिल चालूच आहे. बायकोच्या चेहऱ्यात तुम्हांला काही दुरुस्त करावंसं वाटलंच नसेल, असं मी तुमच्या बाजूनं मनात म्हणून पाहिलं. पटलं नाही. तुमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

चंदेरी घेतला. आज दुपारी आई हिरवं इरकल नेसली, केस विंचरले आणि स्वतः खुर्ची ओढून ताठ बसली. माझ्या घाईत तो घसरडा कॅमेरा सुटता सुटता राहिला. तिला मात्र कसलीच घाई नव्हती. प्रत्येक फोटो पडद्यावर बघायची, मान हलवायची, पदर सारखा करून "आता काढ" म्हणायची. शेवटी एक तिच्या मनासारखा आला. गुलाबी, गुळगुळीत. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हा छापून आण. मोठा."

"मोठा कशाला?"

"डॉक्टरला दाखवते की. म्हणते, गाल असा शिवा."

मी हसले, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच लिहिण्याचा धीर होतो आहे. अण्णा, मी जो हुबेहूब आईचा फोटो शोधत होते, तो हार घालायला शोधत होते.