खिडकीची जागा नको

आमगाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय लोकेंद्र,

ताईचे आशीर्वाद. तू, दुर्गेश्वरी आणि टीना मजेत असाल. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. धान घरात येऊ लागलं आहे, अंगणभर पसरलंय. मायचा सगळा दिवस चिमण्या हाकलण्यात जातो. चिवचिव ऐकू आली की ती काठी आपटते.

फोनवर न बोलता हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे, म्हणून तू हसशील. पण फोनवर तू घाईत असतोस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. यावेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

आपल्या समुद्रसफरीची तुझी यादी मिळाली. जहाज तीन बंदरांवर थांबणार, प्रत्येक ठिकाणी उतरून कुठे जायचं ते रविवारपर्यंत कळवायचं. शाळेतून आले की मी रोज एकेक बंदर मायला वाचून दाखवते. ती धान पायाने परतत ऐकते. पहिल्या दिवशी म्हणाली, "कोझुमेल? कोनाचा पोरगा वो थो?" मग मी सांगितलं की ते गाव आहे, तर म्हणे, "नाव त पोराचंच वाटते."

खरं सांगू, गेले आठ दिवस मी इथे नाहीच. फळ्यावर गणित लिहिताना मला पांढरी वाळू दिसते. कोवळ्या उन्हात धानाचा तो पिवळा पसारा पाहिला की वाटतं, यालाच थोडं निळं केलं, थोडं हलवलं, की झाला समुद्र. माय म्हणते समुद्राचा वास आधी येत असेल. मी म्हणते आवाज. यावर आम्ही संध्याकाळभर भांडतो आणि भात लावायचा राहून जातो.

तर आमची निवड अशी. कोझुमेलला चॉकलेटचं घर. तिथे बिया दगडावर वाटायला देतात. माय पाटा-वरवंट्यावर त्यांनाच दोन गोष्टी शिकवून येईल. केमनला कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि ते चपटे, मऊ मासे पायांना घासून जातात, ती सहल. तिसरं जमैका. त्याचं शेवटी लिहिते.

तू मायसाठी म्हणून काचेच्या तळाच्या होडीवर खूण केली होतीस. खाली रंगीत मासे दिसतात, ती. ती नको. काऊन नको, हे तू विचारणारच.

दिवाळीचा व्हिडिओ कॉल आठवतो? टीनाने काढलेलं चित्र कॅमेऱ्यापुढे धरलं आणि माय म्हणाली, "सूर्य किती लाल काढला माझ्या बाईनं!" टीना खिदळली, कारण कागद उलटा होता, कोरी बाजू आमच्याकडे होती. "आजी जोक करते," असं तुम्ही सगळे म्हणालात. मीही हसले. माझं हसू सगळ्यात मोठं होतं.

तो जोक नव्हता, लोकेंद्र. मायला दिसत नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. दीड वर्षापूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा मायने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. तू पोरीची शाळा बुडवून परदेशातून धावत येशील, अशी तिची भीती. आणि आता ही भीती, की कळलं तर तू तिचं जहाजाचं तिकीट रद्द करशील.

इतके दिवस मी या शपथेच्या आड बसले. पण ती शपथ मी केव्हाच मोडू शकले असते. मी गप्प राहिले ते माझ्यासाठी.

बाबूजी गेले त्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना माय म्हणाली, "योगेश्वरी, दिव्याभोवती कसं रंगाचं कडं दिसून राहिलं वो." मला ते इतकं सुंदर वाटलं! मी म्हटलं, "माय, नशीबवान आहेस, मला नाही दिसत." आणि वहीत लिहून ठेवलं, की माझ्या आईला दिव्यांना इंद्रधनुष्य दिसतं. पुढे ती डोकं दुखतं म्हणाली, तर मी तिला बाजारातून चष्मा आणून दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिव्याभोवती रंगाची कडी दिसायची का?" माय पटकन म्हणाली, "नाही साहेब." माझ्याकडे तोंडही न वळवता. मला वाचवायला खोटं बोलली रे ती.

तू विचारशील, तू तर जवळ होतीस, काय करत होतीस? याच प्रश्नाला मी भ्याले.

आता जमैका. तिथे मी बसची सहल निवडली होती, सुरक्षित म्हणून. मायला म्हटलं, "तुला खिडकीची जागा मागते."

ती धान परतायची थांबली. "खिडकीची काऊन? त्यातून मले का दिसन? तूच बस खिडकीत." मग म्हणाली, "दुसरं का आहे थे वाच."

दुसरा धबधबा होता. आपल्या हाजरा फॉलसारखा, पण पायऱ्या-पायऱ्यांचा. लोक एकमेकांचे हात धरून, रांग करून, वाहत्या पाण्यातून वर चढतात. मी वाचलं आणि लगेच म्हटलं, "तिथे निसरडं असतं, माय."

"रोवणीत जन्मभर मांगं मांगं चालली मी. पाठीले का पाहाले डोरे असतेत? चिखलात पायालेच समजते." पुन्हा धान परतत म्हणाली, "हात धरून जायाचं आहे न? त मंग लोकेंद्र पुढं, तू मांगं. बस, झालं."

या पावसाळ्यात ती खरंच धानाची रोपं लावायला बांधीतल्या चिखलात उतरली होती. तिची ओळ सरळ आली. वाकडी आली ती माझी.

चोरखमारा तलावाच्या काठावर वाढलेली बाई ती. लहानपणी तिला म्हणे नेहमी वाटायचं, ज्या पाण्याला पलीकडचा काठच नाही ते कसं असेल. परवा हसून म्हणाली, "आता त चोरखमाऱ्यालेही पल्लाडचा काठ नाही मले." मला हसता आलं नाही.

तिला ने. डॉक्टरांना विचार, जहाजवाल्यांना विचार, हवं तर माझ्यावर ओरड, पण तिला ने.

यादीत जमैकापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. रविवारी फोन कर आणि तिला विचारून ती तूच भर. फक्त व्हिडिओ नको. व्हिडिओत मी तिची हनुवटी धरून तिला तुझ्याकडे वळवते आणि तरी ती तू नसतोस तिकडेच पाहून हसते. नुसता आवाज दे. तू "माय" म्हटलंस की तिचं तोंड आपोआप बरोबर वळतं.

मग मला जे विचारायचं ते विचार. फोन ठेवणार नाही.

त्या संध्याकाळी दिव्याकडे पाहत बसलेली,
तुझी ताई
योगेश्वरी