पहिलं शहर कुठे वसवायचं

बाबा, मी अजूनही कॉम्प्युटरवरचा तोच गेम खेळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चिडायचं असेल तर आत्ताच चिडून घ्या. आणि आता नुसती खेळत नाही, शिकवते. दिल्लीतच, द्वारकेतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आईच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या खोलीत माइक लावून बसते आणि ज्यांनी हा गेम कधी उघडलासुद्धा नाही त्यांना मराठीत सांगते, की पहिली वस्ती कशी करायची, शेती कुठे काढायची, शेजारचा राजा फार गोड बोलायला लागला की सीमेवर काय आणून ठेवायचं. हजारो लोक बघतात. गेम बनवणारी एक कंपनी माझ्याकडून नवशिक्यांसाठीचे धडेही लिहून घेते. "खेळून कुणाचं पोट भरलंय का?" असं तुम्ही जेवताना विचारायचात, माझ्याकडे न बघता, भात कालवत. भरतं, बाबा. आम्हा दोघींचं भरतं, आणि आईच्या खोलीत एसी बसला तोही त्यातूनच.

तुम्ही एकदाच खेळलात. रविवार होता, आई आत आमटीला फोडणी देत होती आणि मी सारखी कशात डोकं घालून बसते ते बघायला तुम्ही खुर्ची ओढलीत. आपण एक चाल करायची, मग बाकीचे राजे आपापली करतात, घाई कुणालाच नाही, हे ऐकून तुम्हाला जरा बरं वाटलं. सुरुवातीला हातात असते वस्ती करायला निघालेल्या माणसांची एक टोळी आणि सोबत एक शिपाई. टोळी जिथे थांबवाल तिथे शहर उभं राहतं. मी म्हटलं, बाबा, इथेच थांबवा, नदी आहे, आजूबाजूला गवताळ जमीन आहे. तुम्ही म्हणालात, "अगं, चार जागा बघितल्याशिवाय असं कसं बसायचं?" आणि निघालात. नदीवरून डोंगराकडे, डोंगरावरून समुद्राकडे. समुद्रकाठी पाणी खारं असणार म्हणून परत मागे. तोवर बाकीच्या राजांची दोन-दोन शहरं झाली होती, त्यांना लिहिता यायला लागलं होतं, आणि तुम्ही आपले त्या बिचाऱ्यांना उन्हातान्हात चालवताय. शेवटी रानटी टोळीने त्यांना गाठलं आणि तुमचं राज्य सुरू व्हायच्या आधीच बुडालं. मी हसत सुटले. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "पुढे बिल्कुल चांगली जागा लागणार होती." मग उठून आंघोळीला गेलात.

मी हे धड्यात सांगते, तुमचं नाव न घेता. कारण ही चूक परदेशातले लोक क्वचित करतात, आपली दिल्लीतली माणसं हमखास करतात. सरकारी नोकरीवर आलेली आपली घरं अशीच तर राहिली. टाइप-दोनचं क्वार्टर मिळालं की टाइप-तीनची वाट बघायची. ते मिळालं की तळमजला नको, वरचा हवा, गच्चीखालचा नको, मधला हवा. आणि स्वतःचं घर घ्यायचं ते रिटायर झाल्यावर, पुण्याला. तोवर भिंतीला खिळा मारायचा नाही. आईने कढीपत्तासुद्धा तेलाच्या डब्यात लावला होता, हलताना उचलता यावा म्हणून. तुमची पुण्याची जागा बघून ठरायचीच राहिली.

म्हणून माझी पहिली सूचना हीच असते: आहात तिथे बसा. फार तर एक-दोन पावलं इकडेतिकडे, त्याहून जास्त नाही. जागा थोडी कमी चांगली असली तरी चालते, उशीर चालत नाही. दुसरी म्हणजे पहिल्याच शहरात देवळं आणि मनोरे बांधत बसू नका, आधी दुसरं शहर काढा. आणि राजधानीत एक तरी शिपाई ठेवा. स्पर्धा परीक्षेसाठी लातूर-नांदेडकडून आलेली मुलं मला लिहितात, मॅडम, गेममधली सगळी माहिती वाचून काढली, आता सुरू करू का? मी त्यांना चांगलं फैलावर घेते. हा काही सिलॅबस नाही, हरा आणि शिका, असं सांगते.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात. तेरावं होतंय न होतंय तोच तुमच्या ऑफिसातले लोक घरी आले. अनुकंपेवर तुमच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते, क्लार्क म्हणून, आणि मी पदवीधर, एकुलती. मी हो म्हटलं असतं तर क्वार्टरही आमच्याकडे राहिलं असतं. मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर, आईसमोर. आत्याने सांगितलं की गेलेल्या बापाचा असा अपमान कुणी करत नाही. आई एवढंच म्हणाली, "त्यांची जागा आहे गं ती." नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि क्वार्टर सोडायचं म्हणून भांडी बांधत राहिली. पण मला तुमची जागा नको होती, बाबा. मला तुम्ही हवे होतात, आणि ते कुणाच्या हातात नव्हतं. तुमच्या खुर्चीत बसून, तुमच्याच फायली पुढे सरकवत, तुमच्यासारखीच पुढच्या जागेची वाट बघत मी जगले नसते. आज कुणी तेच समोर ठेवलं तरी मी नाहीच म्हणेन, आणि या वेळी आवाजही कापणार नाही.

गेल्या आठवड्यात तुमचे ऑफिसातले एक मित्र गाझियाबादहून मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. चहा झाला, माझं काम काय ते विचारून झालं, मग आईकडे वळून म्हणाले, "चलो, जाऊ दे, पण वहिनी, पोरीने तेव्हा ऐकलं असतं ना, तर आज सेक्शन ऑफिसर असती. क्वार्टर सुटलं नसतं." माझं उत्तर इतक्या वर्षांपासून तयार होतं. मी तोंड उघडलं आणि आई बशी खाली ठेवत शांतपणे म्हणाली, "तिला कशाला बोलता? मीच सांगितलं होतं तिला, ती नोकरी घेऊ नकोस म्हणून."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मी ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ते गेल्यावर तिने मला भाजी कुठली करू विचारलं, आणि विषय तिथेच संपला.

तर आता माझ्याशी त्या गोष्टीवरून भांडायला घरात कुणी उरलेलं नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, आईलाही नाही. फक्त एक कबूल करते, बाबा. माझं बरोबर होतं, हे तुम्हाला पटवून द्यायची खरं तर मला काही गरज नाही. पण तुमच्यावर चिडून असले, की तेवढा वेळ तुम्ही गेलात असं वाटत नाही.