तिच्या वतीने एक जेवण

४ फेब्रु. १९९६, रवि. तंजावर
वत्सलेचं टपाल. आमची मुलगी, मद्रासेस बँकेत. रंगीत मासिक पाठवलंय, त्यात तिथल्या बड्या इटालियन हॉटेलांची माहिती. सोबत चिठ्ठी, इंग्रजीत: अम्मा बरी झाली की यातल्या एकात जाऊ, कुठलं ते तिनंच निवडायचं.
तिच्या अम्मानं, आमच्या हिनं, जन्मभर बाहेरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आता घशाच्या दुखण्यानं घरचंही उतरत नाही. सकाळी जेमतेम दोन चमचे तांदळाची कंजी, की "पोदुम, पोदुम" म्हणून हात आडवा.
दुपारी मात्र म्हणाली, "वाचा की. ऐकायला सोवळं कशाला?"

७ फेब्रु., बुध.
लहानपणी पंतोजी कविता घोकून घेत, त्या चालीवर पदार्थांची नावं वाचतो. रिसोत्तो, मिनेस्त्रोने, रावियोली. काय नाद आहे! गच्चीवरचा तो वर्ग, हातातल्या पाट्या, गोपुरावरचे पोपट...
"अहो, कविता पुरे. आत काय घालतात ते सांगा."
समुद्राकाठचं हॉटेल नापसंत. मेणबत्तीच्या उजेडात जेवण म्हणे. "करंट गेल्यावर आपण लावतो ती? पानात काय पडलं ते दिसायला नको?" दहाव्या मजल्यावरचं लिफ्टमुळे बाद. तिसरं पसंत, भाताचे प्रकार आहेत म्हणून.
हसली. हसता हसता ठसका. फार वेळ.

११ फेब्रु., रवि.
डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मद्रासचं नाव काढू नका. महिनाअखेरपर्यंत घशाखाली उतरू लागलं नाही तर नळी घालावी लागेल, आणि मग...
वत्सलेला फोनवर इंग्रजीत सांगितलं. मराठीत तोंडातून निघेना.
हिला ही मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून इथं लिहितो. या घरात हिच्याशिवाय मी

१४ फेब्रु., बुध.
हिला सगळं कळलंय. "तुम्ही जा. वत्सलीबरोबर जेवा नि येऊन मला सांगा. गोड करून सांगू नका, खोड आहे तुमची."
नाही म्हटलं. तर दिवसभर अबोला, कंजीही परत.
जाणार. धाकटी मेहुणी, सरसू, कुंभकोणहून येईल सोबतीला.

२४ फेब्रु., शनि. मद्रास
जेवण झालं. गारठवलेली खोली, कुजबुजणारी माणसं. आधी नुसतं सूप आलं. पान पूर्ण वाढलं जाईल म्हणून हात आवरून बसलो. वत्सला म्हणाली, "अप्पा, इथे एकेकच येतं. निवतंय."
मग रिसोत्तो, म्हणजे त्यांचा भात. कोंबडीचा रस नाही ना, दोनदा विचारून घेतलं. सवयीनं बशीभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या. वेटर फडकं घेऊन धावला, पाणी सांडलं समजून. देवाची शितंही पुसून नेली, वर "सॉरी सर".
वत्सलेला हसू आवरेना. "अम्मा असती तर त्याची धडगत नव्हती!"
असती तर. दोघांच्याही कानावर पडलं ते. मग तिनं नॅपकिनात तोंड लपवलं. मी भात संपवला, टाकायचा कसा?

२६ फेब्रु., सोम. तंजावर
पहाटे पोचलो. दोन दिवसांत केवढी वाळली. कॉफीसुद्धा घेऊ दिली नाही. "सांगा."
सांगितलं. सूप म्हणजे आपल्या रसमाची सासुरवाशीण मुलगी, गप्प गप्प. भात लोण्यातला, वर चीज. आत कणी राहिलेली. मला आवडला नाही.
"कणी? चुकून?"
"मुद्दाम ठेवतात."
तिनं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला आत न्या."
मी नि सरसूनं वेताची खुर्ची तिच्यासकट उचलून स्वयंपाकघरात नेली. तोच लोण्यातला भात मी ढवळत होतो, ती बोटानं दाखवत होती. आच कमी. पाणी, थोडंच. आता मिरी. "काय हो, कविता म्हणताय का? हात चालवा!" सरसू पदरात तोंड घालून हसत होती, की रडत.
"उतरवा."
एक शीत दोन बोटांत दाबून पाहिलं. मान डोलावली. मग वरचं लोण्याचं पाणी मागितलं. चमचा मीच धरला. तोंडात घेऊन ती कितीतरी वेळ तशीच बसली, ओठ मिटून, भिंतीकडे बघत.
मी पातेल्यात बघत राहिलो. उतरलं का, ते विचारलं नाही.