हेल्मेटवरची घागर

एप्रिल २०१६

माय, तुला जय भीम.

फोनवर तू नुसती रडतीस, म्हणून लिहायलो. मी मजेत हाय.

पलटणीतली पोरं विमानातून उड्या मारतात, त्यांचं शूटिंग आता माझ्याकडं आलंय. संगं उडी मारायची, कॅमेरा हेल्मेटला. हनुवटीपाशी लावला तर मान ओढते. वर लावला तर तुझ्या घागरीसारखा तोल राहतो, पण पॅराशूटची दोरी त्यात आडकू शकते. परवा एकाची आडकली. बरा हाय तो. उस्ताद म्हणतात, वरच लाव.

उदगीर जिल्हा होणार म्हणं. टँकर तरी रोज येतो का?

विहिरीवर पाय घसरला तर घागर सोडून द्यायची, असं तूच शिकवलंस. हा कॅमेरा स्क्रूनं आवळलेला असतोय, माय.

तुझाच,
सुगत