माझ्या मयताच्या दिवशी शिलाईखान्याच्या दाराची कडी

नदीकाठच्या मोहल्ल्यातल्या बायांनो, आणि त्यांच्या मागे काठी टेकून उभ्या असलेल्या पुरुषांनो, हा कागद तुमच्यासमोर वाचला जाणार आहे, म्हणून आधी तुमच्याशी बोलते. आपल्या सगळ्यांचं एक गाऱ्हाणं आहे. चुलीपाशी आपण ते कुजबुजतो, अंगणात मात्र बोलत नाही. आपल्याकडे माणूस गेला की घरच्यांना रडायला उसंत मिळत नाही. आधी कापडासाठी पळापळ. दारात आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात कोरा रुमाल पडला नाही, तर मेलेल्याची पत जाते. रुमाल देणाऱ्याला जड आणि घेणारीला नकोसा. ती तो संदुकीत टाकते आणि पुढच्या मयतात दुसरीच्या हातात देते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे देतात.

मी, बुरुलसुन तोकोएवा, ऊझगेनच्या शाळेतली इतिहासाची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळीज मात्र ठिकाणावर नाही, असं दवाखान्यातल्या बाई म्हणतात. यातला एकही शब्द कुणी माझ्याकडून वदवून घेतलेला नाही. दबाव म्हणाल तर एकच आहे आणि तो लपवत नाही: मला भीती वाटते. आयुष्यभर मी सभांमध्ये ओरडले, पाण्याच्या नळासाठी, शाळेच्या छपरासाठी. तेव्हा माझा आवाज कधी कापला नाही. आता मात्र छातीत कळ आली की पहिला विचार येतो: आज नको. आज त्या मुली आत असतील.

कलम पहिले. घर, अंगण आणि त्यातला जर्दाळू धाकटा मुलगा एमिल आणि त्याची बायको नुरझामाल या दोघांच्या नावे. धाकट्याने घर राखावं ही आपली रीत आहे. एमिल रशियात बांधकामावर आहे, म्हणजे घर राखते ती नुरझामाल. म्हणून तिचं नाव कागदावर हवंच. नोटरीबाईंनी विचारलं, सुनेचं नाव कशाला, तंटा होईल. मी म्हटलं, तंटा व्हावा म्हणूनच लिहिते.

कलम दुसरे. माझं पायाचं शिलाई मशीनही नुरझामालचं. ती सापारबेकच्या शिलाईखान्यात रुमालांना किनार मारते. तिथून तिने का सुटावं ते सांगण्यासाठी मला कोचकोर आजोबांच्या मयताची गोष्ट इथे लिहावी लागेल. नोटरीबाईंची हरकत आहे. असो.

कोचकोर आजोबा आमच्या मोहल्ल्यातले सर्वांत वडीलधारे. या वसंतात गेले. दूरदूरच्या गावांहून माणसं यायची होती, म्हणून त्यांच्या मुलांनी दुपारीच शिलाईखान्याला सांगितलं: रुमाल हवेत, पुष्कळ हवेत, उद्या हवेत. शिलाईखाना त्यांच्याच घराच्या मागच्या गल्लीत आहे. खिडक्यांना गज, दार एकच. दुसऱ्या दिवशी बाया गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडत आल्या, जशी आपली पद्धत आहे. आल्या त्यांना रुमाल मिळाले. मलाही मिळाला, निळ्या किनारीचा. त्याला धुराचा वास होता. शेजारणींनी रुमाल नाकाला लावले आणि म्हणाल्या, बघा, आर्चाची धुरी कशी मुरली आहे, पुण्यवान माणूस. मयताच्या घरी आर्चाची डहाळी जाळतातच. कुणाला शंका येणार?

घरी येऊन मी तो रुमाल नुरझामालला दिला, संदुकीत ठेव म्हणून. तिने हात पुढे केला नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "आपा, हा आर्चाचा वास नाही. हा आमचा आहे."

मग तिने खाली बसून सांगितलं. इस्त्रीची वायर जळाली, खालच्या चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला. दाराला बाहेरून कडी होती. काम उरकेपर्यंत ती तशीच असते. मुलींनी दार बडवलं, खिडकीतून हाका मारल्या. गल्लीतून आपण रडत चाललो होतो. कुणी हाक ऐकली असेल तर तिला वाटलं, आणखी एक शोक करतेय. शेवटी चहाच्या समोवरातलं पाणी ढिगावर ओतलं, म्हणून सगळ्या वाचल्या. मग त्याच मुलींनी उरलेले रुमाल झटकले, घडी घातली आणि कडी उघडल्यावर पाठवून दिले.

बायांनो, हे वाचून दाखवलं जाईल तेव्हा तुमच्यापैकी अनेकींच्या संदुकीत ते निळ्या किनारीचे रुमाल असतील. घरी जाऊन एकदा हुंगा.

कलम तिसरे, सापारबेकविषयी. त्याला मी शिकवलं आहे. वर्गात तो मागच्या बाकावर बसून सफरचंद खायचा, पण वाईट मुलगा नव्हता, आणि आजही नाही. तो राक्षस असता तर हे कलम लिहिणं सोपं गेलं असतं. मी शिलाईखान्यात गेले तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली, चहा ओतला, माझ्या पुढ्यात नान मोडून ठेवली. मी कडीचं विचारलं. तो हसला नाही, रागावला नाही. शाळेत बाईंना हाक मारायचा तशीच मारून म्हणाला:

"एजे, मयत काही सांगून येतं का? दुपारी खबर येते, उद्या माल हवा. दार उघडं ठेवलं की एकीचं मूल रडतं, दुसरीची सासू बोलावते. अर्ध्या निघून जातात. मग तुम्हीच म्हणणार, सापारबेकने अब्रू घालवली. तुम्ही मागता म्हणून मी शिवतो."

मी म्हटलं, मग मागणारे सांगतील दार उघडं ठेव म्हणून. तो म्हणाला, आजवर गिऱ्हाइकाने किनारीचा रंग विचारला, भाव विचारला, उधारी विचारली. दाराचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी चहा अर्धाच ठेवून उठले.

निघताना त्याने मला हात धरून पायरी उतरवली. फार मायेने म्हणाला, "तुमची काळजी करू नका, एजे. तुमच्या वेळेला मी स्वतः इथे बसेन. आख्खं ऊझगेन येईल तुमच्या मयताला. एवढं मोठं काम आजवर झालं नसेल."

त्या दिवसापासून मला झोप नाही.

माझ्या भीतीचं कारण आता तुमच्या ध्यानात आलं असेल. कित्येक पिढ्यांना मी शिकवलं. सगळे येतील. जितके जास्त येतील, तितके रुमाल लागतील आणि तितका वेळ कडी लागेल. माझा श्वास थांबताच कुणीतरी उठून ते दार लावेल. नुरझामाल त्या दिवशी सून म्हणून घरात माझ्यापाशी असेल. मी तिला विचारलं, तुझ्या मशीनवर कोण बसेल? ती म्हणाली, झारीना. म्हणजे शेजारच्या उलकानची लेक. तिचा पाळणा मी हलवला आहे. तुम्ही माझ्यासाठी सुंदर हेल काढून रडाल आणि झारीना आतून दार बडवत असेल.

कलम चौथे. थोरला मुलगा झायलोबेक याला नदीकाठची अक्रोडाची बाग. अट अशी: उन्हाळ्यात मला पहिला झटका आला तेव्हा त्याने मला न सांगता सापारबेककडे रुमालांसाठी इसार देऊन ठेवला आहे. तो त्याने परत घ्यावा. घेतला नाही तर बाग शाळेला. आम्ही यावर भांडलो, ते गल्लीने ऐकलंच आहे, तेव्हा झाकत नाही. तो म्हणाला, "आपा, तुम्ही निवांत पडून राहाल. तोंड मला दाखवायचंय. लोक म्हणतील, मास्तरीणबाईंच्या दारातून बाया रिकाम्या हाताने गेल्या." मी म्हटलं, म्हणू देत, त्यांना मीच शिकवलंय, म्हणायला येतंच त्यांना. तो उठून गेला. त्यानंतर जेवायला येतो, पण माझ्याकडे बघत नाही. बाळा, तुझी लाज मला कळते. बाप गेला तेव्हा उधारीचं कापड आणायला तुलाच पाठवलं होतं आणि दुकानदाराने तुला उभं ठेवलं होतं. ते तू विसरला नाहीस. पण एक सांग, त्या दाराआड तुझी मुलगी असती, तर इसार दिला असतास का?

कलम पाचवे. माझी संदूक. तिच्यात आयुष्यभर मयतांतून आणि लग्नांतून मिळालेली कापडं आहेत. ती कुणाला पुढे देऊ नयेत. उलकान, नुरझामाल आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्या पुढच्या खोलीत, दार उघडं ठेवून, सावकाश त्यांच्या गोधड्या शिवाव्यात आणि बाळंतिणींच्या दवाखान्यात द्याव्यात. तिथली पांघरुणं मी पाहिली आहेत. निळ्या किनारीचा रुमाल मात्र गोधडीत घालू नये. तो झायलोबेकला द्यावा, न धुता.

याच संदुकीत कोपऱ्याला लाल गाठ मारलेला एक तुकडा सापडेल. तो मी विहीणबाई अनारकुल यांना त्यांच्या आईच्या मयतात दिला होता. किती घरं हिंडला कोण जाणे, माझ्या बहिणीच्या मयतात तो त्यांनीच मला दिला, वर म्हणाल्या, खास तुमच्यासाठी निवडला. तो त्यांना परत करावा. विहीणबाई, आता तरी शिवा त्याचं काहीतरी.

कलम सहावे. मरणासाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे उशीच्या अभ्र्यात आहेत. त्यातून कफन, खणणाऱ्यांचं जेवण आणि पीठ. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात एक नान द्यावी, आमच्या गल्लीतल्या भट्टीवरची. नान संदुकीत ठेवता येत नाही आणि पुढच्या मयतात फिरवता येत नाही. ती खावी लागते, नाहीतर भुकेल्याला द्यावी लागते. उरतील त्या पैशांतून शिलाईखान्याच्या मागच्या भिंतीत दुसरं दार पाडावं. सापारबेक नको म्हणाला, तर मोहल्ल्याने त्याच्याकडून एक चिंधीही घेऊ नये. त्याची रोजी बुडावी असं मला वाटत नाही, मुलींची तर मुळीच नाही. हो म्हणाला, तर लग्नाची खरेदी त्याच्याकडेच करा आणि चार दिवस आधी सांगा. लग्न सांगून येतं.

कलम सातवे. शाळेची जुनी पितळी घंटा मला निवृत्तीच्या वेळी दिली होती. ती शिलाईखान्यात आतल्या बाजूला, सगळ्यात बुटक्या मुलीचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगावी. हेल काढण्यात दारावरचे ठोके बुडतात. घंटा बुडणार नाही, असं मला वाटतं. खात्री नाही.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. याआधीचं बंबात घातलं. त्यात रुमाल होते.

स्थळ: ऊझगेन. दिनांक ९ ऑक्टोबर २०१८, अक्रोड झोडपणीचे दिवस.

सही: बुरुलसुन तोकोएवा

साक्षीदार:
उलकान सादिकोवा, शेजारीण, झारीनाची आई. वाचून, दोनदा थांबून, सही केली.
तुर्गुनबाय मामितोव, भट्टीवाले. नान पुरवण्याचं कबूल.

खालच्या ओळी मी गेल्याची खबर घेऊन जाणाऱ्याने प्रत्येक दारात, माझं नाव सांगण्याच्याही आधी, मोठ्याने म्हणायच्या आहेत:

अजून माझ्या घराकडे वळू नका. रडू नका, गल्ली शांत असू द्या. आधी शिलाईखान्याच्या दाराशी जा आणि कडी लागलेली असेल तर ती स्वतःच्या हाताने काढा.